वर्गणीचा हिशेब : कलेला सरकारी पैसा द्यावा का?



ॲडमिशनच्या पावतीवर अगदी खाली एक ओळ असते : 'स्नेहसंमेलन शुल्क'. ट्यूशन फी, लायब्ररी, जिमखाना, लॅब डिपॉझिट यांच्या गर्दीत ती सहसा कोणाला दिसत नाही. यंदा ती एकाला दिसली, आणि त्या रात्री हॉस्टेलच्या मेसमध्ये ताटं वाळेपर्यंत वाद चालला.

आमच्याच विंगमधला मित्र. घरी पाच एकर, आलं आणि मका. तो म्हणाला, "मी तीन वर्षांत एकदाही गॅदरिंगला बसलो नाही. त्या दिवसांत मी गावाकडे असतो. नाटक तुम्ही करता, टाळ्या तुम्हाला मिळतात, मग पैसे माझ्याकडून कशाला?" नाटकवाला ग्रुप लगेच उठला. "अरे, हे कॉलेज आहे, क्लास नाही. फक्त सबमिशन आणि ओरल्सच करायचे असतील तर..." वगैरे वगैरे. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "कॉलेजचं काय घेऊन बसलात? सरकारही हेच करतं. साहित्य संमेलनाला दोन कोटी! आणि आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरसाठी रांग."

झालं. पावतीवरून सुरू झालेला वाद थेट मंत्रालयापर्यंत गेला. त्या रात्री कोणी जिंकलं नाही. पण नंतर वाटलं, दोन्ही बाजूंचे मुद्दे एकदा नीट मांडून तोलले पाहिजेत. आपण स्ट्रक्चरचा अभ्यास करताना आधी लोड कुठून येतो आणि कोणत्या खांबावर जातो ते बघतो, मगच तो टिकेल की नाही ते सांगतो. वादातल्या मुद्द्यांचंही तसंच करून बघायला काय हरकत आहे?

पितळखोऱ्याचा खांब कोणी दिला?

सुरुवात घरापासून करू. आपल्या कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. आपल्यातले बरेचजण तिथे पावसाळ्यात धबधबा बघायला जातात, फोटो काढतात आणि परत येतात. पुढच्या वेळी चैत्यगृहातल्या खांबांकडे जरा थांबून बघा. त्यांवर ब्राह्मी लिपीत देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. एक खांब प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, मितदेव नावाच्या गंध्याच्या घराण्यानं दिलेला. गंधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिलेला. शेजारच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचं दान आहे, त्याच्या मुलीचंही आहे. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर तर ती घडवणाऱ्याचं नाव आहे : कान्हदास, सोनार.

म्हणजे या डोंगरातली कला व्यापाऱ्यांच्या आणि राजाच्या पदरी असलेल्या माणसाच्या खिशातून उभी राहिली. नावं कोरून, जाहीरपणे. त्याउलट वेरूळचं कैलास लेणं बघा. ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. तो पैसा राज्याच्या खजिन्यातला, आणि खजिना भरला रयतेच्या करातून. त्या रयतेला कोणी विचारलं नव्हतं की बाबांनो, डोंगर वरून खाली कोरायचा आहे, चालेल का?

दोन्ही रस्ते जुने आहेत, आणि दोन्ही रस्त्यांनी मोठी कामं झाली. त्यामुळे 'राजाश्रयाशिवाय कला जगतच नाही' हेही खरं नाही, आणि 'लोकांनी मनापासून दिलं तेवढंच खरं' हेही पुरतं खरं नाही. फरक एवढाच की आज राजा नाही. आज खजिना आपला आहे, म्हणून विचारण्याचा हक्कही आपला आहे.

द्यावा म्हणणाऱ्यांचं म्हणणं

पहिला मुद्दा हिशेबाचा. १९६६ साली बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी नाटक-संगीताच्या अर्थकारणावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा आपल्याला वर्कशॉपमध्ये उभं राहून सहज कळेल. साध्या लेथवर एक टर्नर दिवसभरात जेवढे जॉब काढायचा, त्याच्या कितीतरी पट सीएनसी मशीनवर निघतात. उत्पादन वाढलं म्हणून वाळूजच्या कारखान्यात पगार वाढवता येतो. पण ढोलकीवाल्याचं काय? वीस मिनिटांची लावणी आजही वीस मिनिटांचीच आहे. तिला नाचणारी, गाणारी, ढोलकी वाजवणारी, तुणतुणं धरणारी माणसं आजही तेवढीच लागतात. मोठ्या ढोलकी फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. त्यांना बाहेरच्या जगाइतकी मजुरी द्यायची तर तिकीट किंवा सुपारी सारखी वाढवत न्यावी लागते. नाही वाढवली तर माणसं फड सोडून जातात. यात कोणाचा आळस नाही, कोणाची चूक नाही. त्या कामाचा स्वभावच तसा आहे.

यावर कोणी म्हणेल, टीव्ही आणि मोबाईलमुळे एक लावणी कोटी लोक बघतात, मग उत्पादन वाढलंच की! बरोबर आहे. पण त्या कोटी लोकांचा पैसा फडमालकाकडे येत नाही. शिवाय रेकॉर्डिंग वाढलं म्हणून समोर बसून बघण्याचा खर्च कमी होत नाही. तेव्हा हा मुद्दा सगळ्या कलेला लागू नाही, समोरासमोरच्या कलेला लागू आहे. तेवढ्या भागात मात्र तो पक्का आहे.

दुसरा मुद्दा : ज्यांच्यासाठी ठेवायचं ते अजून जन्मलेलेच नाहीत. पितळखोऱ्याचा दगड ठिसूळ. दर्शनी भाग बराचसा कोसळलेला. त्याची निगा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग राखतो, म्हणजे सरकारी पैसा. तिकिटावर तो खर्च निघेल का? तिथे येणाऱ्यांची संख्या बघितली तर शक्यच नाही. पण म्हणून ती लेणी पडू द्यायची का? बाजारात फक्त आजच्या गिऱ्हाइकाचा आवाज ऐकू येतो. दोनशे वर्षांनी येणाऱ्या पोराचा आवाज त्यात नसतो. त्याच्या वतीनं कोणीतरी पैसे भरावे लागतात.

तिसरा मुद्दा पोहोचण्याचा. तिकिटावर चालणारं नाटक मुंबई-पुण्यात फिरतं, कारण तिथे तिकीट काढणारे आहेत. तालुक्याच्या गावातल्या पोराला रंगमंच दिसायचा तर तो कोणत्या तरी सार्वजनिक खर्चातूनच. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा हे याचं उत्तम उदाहरण. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती भरवतं, आणि ती ६० पेक्षा जास्त वेळा झाली आहे. बँकेतले, शाळेतले, कारखान्यातले लोक रात्री तालमी करून तिथे नाटकं उतरवतात. धंदा म्हणून यातलं बहुतेक काही उभं राहिलं नसतं.

नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं

आता दुसरी बाजू. ती हलकी समजू नका.

पहिला मुद्दा मेसच्या कोपऱ्यातला : आधी पोटोबा, मग विठोबा. मराठवाड्यात राहून हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. ज्या गावात हंड्यांची रांग लागते त्या गावाला 'संस्कृती' हा शब्द ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. पैसा मर्यादित असतो. एकीकडे दिला की दुसरीकडचा कमी होतो.

दुसरा मुद्दा : देतो कोण आणि बघतो कोण? जीएसटी साबणावरही लागतो आणि चपलेवरही. म्हणजे कर शेतमजूरही भरतो. पण अनुदानावर चालणाऱ्या पुष्कळ कार्यक्रमांत पहिल्या रांगेत पाहुणे, दुसऱ्या रांगेत पासवाले. गरिबाच्या खिशातून काढून बऱ्या स्थितीतल्या माणसाची करमणूक करायची, हा उलटा न्याय झाला.

तिसरा मुद्दा सगळ्यांत गंभीर. ज्याच्या हाती दोरी, तो पतंग केव्हाही खाली उतरवू शकतो. ६ डिसेंबर २०२२ ला राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाचा अनघा लेले यांनी केलेला अनुवाद त्यात होता. पुरस्कार एक लाखाचा. सहा दिवसांनी, १२ डिसेंबरला, शासन निर्णय काढून तो रद्द केला गेला आणि निवड समितीही बरखास्त झाली. यानंतर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले, काही लेखकांनी स्वतःला मिळालेले पुरस्कार नाकारले. पुस्तक चांगलं की वाईट, त्यातले विचार पटतात की नाही, हा प्रश्न वेगळा. तज्ज्ञ नेमायचे, त्यांनी निवडायचं, आणि मग वरून खोडायचं, असं एकदा झालं की पुढच्या वेळी तज्ज्ञ निवडतानाच घाबरतात. नुकसान खोडलेल्या एका पुस्तकाचं नसतं, न सुचवलेल्या दहा पुस्तकांचं असतं.

चौथा मुद्दा लबाडीचा. पैसा ज्या गोष्टीला मिळतो, त्या गोष्टीची नक्कल तयार होते. मराठी सिनेमाच्या अनुदानात हे दोन्ही अंगांनी बघता येतं. सत्तरच्या दशकात करमणूक कराच्या परताव्याची योजना आली. निर्मात्यानं पुढचा मराठी चित्रपट काढला की आधीच्या चित्रपटावर जमा झालेला कर त्याला परत. म्हणजे जेवढे प्रेक्षक, तेवढा परतावा. यात लोकांना आवडलेलं वाढतं, पण वेगळं काही करणाऱ्याला फारसं मिळत नाही. पुढे दर्जानुसार अनुदान आलं. समितीनं 'अ' दर्जा दिला तर ४० लाख, 'ब' दिला तर ३० लाख. यात वेगळ्या सिनेमाला जागा मिळाली. पण समितीच्या नजरेत भरायचं म्हणूनच सिनेमा काढायचा, थिएटरला लागला काय नि न लागला काय, असा मोहही तयार झाला. कोणतंही फीडबॅक सर्किट घ्या. सेन्सर जे मोजतो, तेच सिस्टीम वाढवते. त्यामुळे काय मोजायचं हे चुकलं की सगळंच चुकतं.

खोटी वजनं बाजूला काढू

तोलायला बसण्याआधी तराजूतली खोटी वजनं काढून टाकू. ती दोन्हीकडे आहेत.

पहिलं खोटं वजन : "रक्कम किरकोळ आहे." साहित्य संमेलनाचं अनुदान आधी २५ लाख होतं, मग ५० लाख झालं, आणि २०२३ च्या वर्ध्याच्या संमेलनाच्या वेळी २ कोटींवर गेलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख. भागाकार करा : माणशी सुमारे १८ पैसे. ऐकायला छान वाटतं. पण १८ पैसे आहेत म्हणून खर्च योग्य ठरत नाही, तसाच २ कोटी आहेत म्हणून तो अयोग्यही ठरत नाही. एकच आकडा भागून छोटा दाखवता येतो आणि गुणून मोठा दाखवता येतो. हिशेबाचं हे पहिलं पथ्य.

दुसरं खोटं वजन : "हाच पैसा टँकरला गेला असता." गेला असता का? नाटकाचं अनुदान बंद केलं की ते आपोआप पाण्याच्या योजनेत जात नाही. ते कुठेही जाऊ शकतं, जाहिरातीच्या फलकावरही. पोटोबाचा मुद्दा खरा आहे, पण तो सगळ्याच खर्चांना लागतो. एकट्या कलेला तो लावायचा आणि बाकीच्या उधळपट्टीला माफी द्यायची, हे बरोबर नाही. शिवाय ती म्हण नीट ऐका. 'आधी पोटोबा' असं ती म्हणते, 'फक्त पोटोबा' असं म्हणत नाही. विठोबा पुढच्याच शब्दात उभा आहे.

तिसरं खोटं वजन : "ज्याला हवं त्यानं द्यावं." हे वाक्य मेसमध्ये चांगलं टाळ्या घेऊन गेलं. पण आपल्यातल्या कितीतरी जणांची फी शिष्यवृत्तीतून भरली जाते. तो पैसा अशा लोकांच्या करातून येतो ज्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजचं गेटही बघितलेलं नाही. 'न वापरणाऱ्यानं का भरायचं' हा नियम खरा मानला तर पहिला हातोडा आपल्याच खोलीवर पडेल. अर्थात यावरून कलेला पैसा द्यावाच असं सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं की हा नियम आपण कुठेच पूर्ण पाळत नाही.

चौथं खोटं वजन : "सरकारी पैसा म्हणजे गुलामी, लोकांचा पैसा म्हणजे स्वातंत्र्य." १९९९ साली धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन झालं. मूठभर धान्य आणि एक रुपया अशी वर्गणी घेऊन संमेलन भरवण्याची त्यांची रीत. सरकारचा पैसा नको, म्हणून सरकारचं ऐकायचीही गरज नाही. हे मोठं काम आहे, आणि मिंधेपण टाळायचा तो खरा मार्ग आहे. पण सगळ्यांना तो जमत नाही. प्रायोजक घेतला तर तोही आपल्या अटी घेऊन येतो. उलट सरकारी पैशानं सरकारला अडचणीची पुस्तकंही छापली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानं १९७९ पासून खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. १९८७ मध्ये चौथा खंड आला, त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होतं. प्रचंड वाद झाला, दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. शेवटी मजकूर राहिला, आणि या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही अशा अर्थाची तळटीप आली. ही तळटीप मला फार मोलाची वाटते. पैसा आमचा, मत लेखकाचं, हे तिनं एका ओळीत मान्य केलं. मात्र ती आपोआप आली नाही. रस्त्यावर लोक उतरले म्हणून आली.

जत्रेची वर्गणी

आता परत मेसमध्ये. वाद संपता संपता कोणीतरी त्या मित्राला सहज विचारलं, "गॅदरिंगच्या दिवसांत गावाकडे काय करतोस रे?" तो म्हणाला, "जत्रेची तयारी. वर्गणी गोळा करायला लागते. तमाशाची सुपारी द्यायची असते."

सगळे हसले. तोही हसला. पण खरं तर त्या एका वाक्यात या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं.

गावची जत्रा म्हणजे काय? घरटी पट्टी. कोणाकडे किती जमीन त्यावर वर्गणी कमी-जास्त. तमाशा न बघणारा माळकरीही देतो, आजारी म्हातारीच्या घरूनही येते. पुढारी मंडळी नारायणगावला जातात, तिथे पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, बोली होते, सुपारी ठरते. दुष्काळाच्या वर्षी सुपारी लहान होते, पण जत्रा सहसा बंद होत नाही. हा कर नाही तर काय आहे? कलेवरचा सार्वजनिक खर्च हे काही दिल्लीहून आलेलं खूळ नाही. आपली गावं तो पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत.

आणि या वर्गणीला काही नियम आहेत, कुठे न लिहिलेले. जत्रा झाली की पारावर किंवा देवळात जमाखर्च वाचला जातो. किती आले, फडाला किती, मांडवाला किती, शिल्लक किती. कोणीही उठून विचारू शकतो. दुसरा नियम : फड मोकळ्या मैदानात उभा राहतो, वर्गणी दिलेल्यानं बसावं, न दिलेल्यानंही बसावं. तिसरा : सुपारी देणारा वग कोणता ते सुचवतो, पण सोंगाड्यानं कोणाची टर उडवायची ते ठरवत नाही. बतावणीत पाटलाची टर उडाली तर पाटलानं हसायचं असतं.

या रीतीतली खोटही सांगितली पाहिजे. वर्गणी घरावर असते, पण तमाशाला समोर बसायचे पुरुषच. घरातल्या बायकांच्या घामाचा पैसा त्यात होता, त्यांना जागा नव्हती. आणि ज्या बाईच्या नाचगाण्यावर हे सगळं उभं, तिच्या वाट्याला काय आलं? विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. शेवटची वर्षं मात्र हलाखीत गेली, आणि १५ जानेवारी २००२ ला त्या वारल्या. नंतर राज्य शासनानं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. गावानं टाळ्या दिल्या, सरकारनं पदकं दिली. म्हातारपणाची सोय कोणीच केली नाही. वर्गणीला हे जमलं नव्हतं, आणि वर्गणी जिथे कमी पडते नेमकं तिथेच सरकारनं उभं राहायला हवं होतं.

तीन प्रश्न

म्हणून मला वाटतं, 'द्यावा की नको' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. खरा प्रश्न कशाला, कोणासाठी आणि कोणाच्या हातानं हा आहे. प्रत्येक खर्चाला तीन प्रश्न विचारू.

एक : हा पैसा नसता तर ही गोष्ट बंद पडली असती का?
दोन : ज्यांनी भरला त्यांना ती बघायला मिळते का?
तीन : देणारा निवडीत हात घालतो का, आणि जमाखर्च उघड्यावर वाचला जातो का?

लावून बघू. पितळखोऱ्याची निगा : पहिल्याला हो, दुसऱ्यालाही हो, कोणीही जाऊन बघावं. राज्य नाट्य स्पर्धा : पहिल्याला हो, दुसऱ्याला बऱ्यापैकी हो, कारण तिकीट नाममात्र असतं आणि केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. वृद्ध कलावंतांचं मानधन : इथे पहिला प्रश्न सरळ पोटाचाच आहे. हे मानधन पूर्वी जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा दर्जांप्रमाणे महिना २२५० ते ३१५० रुपये होतं. २०२४ पासून ते सरसकट ५००० झालं. इथे पोटोबा आणि विठोबा एकाच पंगतीला बसले आहेत. तिसऱ्या प्रश्नावर मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात : निवड कोण करतं, आणि खऱ्या गोंधळ्याचा अर्ज कागदपत्रांत अडकून वशिल्याचा तर पुढे जात नाही ना?

साहित्य संमेलन? पैसा नसता तर ते बंद पडलं असतं का? बहुधा नाही. लहान झालं असतं, मांडव साधा झाला असता, जेवणावळी कमी झाल्या असत्या. २ कोटींत महिना ५००० प्रमाणे ३३३ कलावंतांचं वर्षभराचं मानधन निघतं. हा हिशेब टँकरच्या हिशेबापेक्षा जास्त बोचतो, कारण दोन्ही पैसे एकाच कामासाठीचे आहेत. संमेलनाला काहीच देऊ नये असं मी म्हणत नाही. ग्रंथदिंडीत चालणारी शाळेची पोरं आणि पुस्तकांच्या स्टॉलवरची झुंबड मलाही आवडते. पण तुलना करायचीच तर कला विरुद्ध पाणी अशी न करता मांडव विरुद्ध माणूस अशी करावी.

तिसऱ्या प्रश्नावर जगात काही उपाय करून बघितले गेले आहेत. ब्रिटनमध्ये १९४६ साली आर्ट्स कौन्सिल आली, अर्थतज्ज्ञ केन्स यांचा त्यात मोठा वाटा होता. कल्पना साधी : पैसा सरकारनं द्यायचा, वाटप स्वतंत्र मंडळानं करायचं, मंत्र्यानं हात लांब ठेवायचा. आपल्याकडे संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये आणि साहित्य अकादमी १९५४ मध्ये सुरू झाली, त्यांनाही स्वायत्त म्हटलं गेलं. पण हात लांब ठेवणं हे कायद्यापेक्षा सवयीवर अवलंबून असतं. सवय मोडायला सहा दिवस पुरतात, हे आपण २०२२ मध्ये बघितलं.

एक गोष्ट मात्र या तराजूत बसत नाही. ज्या घरात उद्याच्या पिठाची चिंता आहे, त्या घरातल्या माणसानं "मला तुमचं नाटक नको, माझे १८ पैसे परत द्या" म्हटलं तर त्याला गप्प करणारा मुद्दा माझ्याकडे नाही. फार तर म्हणता येईल की त्या पैशाचं जे होईल ते तुझ्या पोरापर्यंत पोहोचेल असं करू. आणि हे नुसतं म्हणून भागत नाही, करून दाखवावं लागतं.

आपल्या हातातलं

मंत्रालय लांब आहे. पावती जवळ आहे. गॅदरिंग कमिटीला, जिमखान्याच्या सरांना आणि आपल्या सगळ्यांनाच तीन सूचना कराव्याशा वाटतात.

गॅदरिंगचा जमाखर्च दुसऱ्या आठवड्यात मेसच्या नोटीस बोर्डावर लागावा. ऑर्केस्ट्रा आणि डीजेला किती, एकांकिकेच्या सेटला किती, हारतुऱ्यांना किती, सगळं. नाटकाचा एक प्रयोग मेसच्या मावश्या, वॉचमन काका आणि शेजारच्या वस्तीसाठी मोकळा ठेवावा, आणि मावश्यांना पुढच्या रांगेत बसवावं. आणि एकांकिकेची संहिता स्टाफपैकी कोणी आधी वाचलीच तर व्याकरण सुधारावं, टर काढलेली वाक्यं काढू नयेत. प्राचार्यांची टर असली तरी.

त्या मित्राला मी हा लेख छापायला देण्याआधी वाचून दाखवला. तो ऐकून म्हणाला, "बोर्डावर हिशेब लावा, मग बघू." मला वाटतं, एवढीच अट पुरेशी आहे. आणि पारावर जमाखर्च ऐकत मोठ्या झालेल्या माणसाकडून ती यावी यात नवल काहीच नाही.